डब्यात काय होतं

डबा रिकामा झाला होता. तळाशी रश्शाचा पिवळट ओघळ, कडेला चिकटलेला जिऱ्याचा एक दाणा, झाकणावर सुकत आलेले वाफेचे थेंब. पुढच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी पडदा सारून डोकं आत घातलं आणि विचारलं, "दातवाले, वास झकास येत होता हो. काय होतं आज डब्यात?" सांगायला त्याने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. शब्द ओठावर येऊन अडावा तसं हे नव्हतं. तसं असतं तर हसून वेळ मारून नेता आली असती. इथे शब्दाच्या मागे जी वस्तू असते तीच नव्हती. पाच मिनिटांपूर्वी त्याने डबा उघडला होता, जेवला होता, पाणी प्यायला होता, रुमालाने तोंड पुसलं होतं, एवढं सगळं खरं. पण या सगळ्याच्या मधे तोंडात काय गेलं त्याचा पत्ता नव्हता. बाई पडद्याला धरून थांबल्या होत्या. त्यांच्या खुर्चीत कुणीतरी गालात कापूस घेऊन बसलेलं असणार. "बटाटा," तो म्हणाला. "वा!" म्हणून बाई गेल्या. पडदा थोडा वेळ हलत राहिला. त्याने जीभ दाढांच्या मागून फिरवली. उजवीकडे शेवटच्या दोन दाढांच्या फटीत एक धागा अडकला होता. तो त्याने जिभेच्या टोकाने सोडवला, पुढच्या दातांवर आणून चावून पाहिला. हिरवट, किंचित तुरट. बटाट्याला असले धागे नसतात.

तशी घटना म्हणावी तर काहीच नाही. माणूस विसरतो. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. पण हे विसरणं नव्हतं, कारण विसरायला आधी काहीतरी माहीत असावं लागतं. त्याने यंत्र सुरू केलं, एक अर्धवट घासलेली कवळी चाकाला लावली आणि परत काढून ठेवली. तीस वर्षं तो लोकांच्या तोंडांवर पोट भरत आला होता. डॉक्टरीणबाई, आणि त्यांच्याआधी त्यांचे वडील, माणसाच्या हिरड्यांचा ठसा घेऊन पडद्यामागे पाठवत. तो त्यात प्लास्टर ओतून साचा काढी, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी बसवी, तिच्यात एकेक दात मांडी, मग मेणाच्या जागी पक्का माल भरून तो शिजवी, घाशी, झिलई देई. मागच्या फळीवर साच्यांची पांढरी रांग होती. साचा हातात घेतला की माणूस कळे. हा फक्त डावीकडून चावतो. ही झोपेत दात खाते. ह्याच्या पुढच्या दाताला बारीक खाच आहे, म्हणजे तोंडात टाचण्या धरणारा, म्हणजे शिंपी. लोक बाहेर काय सांगतात त्यापेक्षा त्यांचे दात त्याला जास्त सांगत. नवी कवळी बसवून पहिल्यांदा आरशात बघणाऱ्या माणसाला तो नेहमी एकच सांगायचा, "आठ दिवस मऊ खा. मग हवं ते खा." हवं ते! शेकडो माणसांना त्याने हवं ते खाण्याची मोकळीक दिली होती आणि स्वतः काय खाल्लं ते त्याला सांगता येत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असेल, असं त्याच्या मनात आलं. पण म्हण आठवून मनाला बरं वाटेना.

संध्याकाळी घरी चालत जाताना त्याने कालचं जेवण आठवून पाहिलं. काल काय, परवा काय. दुकानांच्या काचा, सायकली लावलेलं कुंपण, एका खिडकीतून येणारी पियानोची तीच तीच चुकणारी ओळ, सगळं नीट दिसत होतं, ऐकू येत होतं. काल कोणती कवळी केली, कुणाच्या दाताला कोणती छटा दिली हे विचारा, बिनचूक सांगेन. जेवणाच्या जागी मात्र भिंतीवरून चित्र काढून नेल्यावर उरतो तसा फिकट चौकोन. तो मागे मागे जात राहिला. मागचा आठवडा. मागचं वर्ष. मुलगी शिकायला दूर गेली त्या दिवशी घरात काहीतरी खास केलेलं होतं, पण आठवत होते ते मुलीचे बूट. जात जात तो थेट नऊ वर्षांच्या स्वतःपर्यंत पोचला, तेव्हा कुठे एक चव सापडली. वडील काचेच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते. रोज दुपारी भोंगा व्हायचा आणि चारशे माणसं जेवायची. एकदा वडील चष्मा घरी विसरले म्हणून आईने त्याला पिटाळलं होतं. कँटीनच्या मागच्या दाराशी तो उभा राहिला. आत वाफ इतकी की वडील फक्त कमरेखाली दिसत होते. त्यांनी चष्मा घेतला, आणि त्याच्या हातावर भाताच्या मोठ्या पातेल्याच्या बुडाची खरपुडी ठेवली, तळव्याएवढी, तपकिरी, गरम. ती कडकडली, मग चिकट झाली, मग गोड झाली, मग एकदम कडू. चारही गोष्टी त्याच क्रमाने आताही त्याच्या जिभेवर आल्या आणि तो रस्त्यात थांबला. मागून येणारा माणूस त्याच्यावर आदळता आदळता राहिला. "काका, जरा बघून!" तो माणूस म्हणाला. पण त्या खरपुडीच्या मागोमाग दुसरंही काही आलं. वडिलांच्या शर्टाला कांद्याचा वास असायचा, धुऊनही जायचा नाही, आणि तोच वास त्याच्याही कपड्यांना लागायचा. वर्गात त्याचं नाव कांदा पडलं होतं. त्यानंतर तो कँटीनकडे कधी फिरकला नाही. जेवायला बसला की श्वास धरायचा, पटापट गिळायचा, उठायचा. सवयीला सुरुवात असते, पण ती पुढे माणसाला दिसेनाशी होते.

घरी बायको चादरीच्या घड्या घालत होती. ती इस्पितळाच्या धुलाईघराची मुकादम. दिवसभर हजार चादरींच्या घड्यांवर देखरेख करून घरी येऊन परत घड्या. सकाळी सातला कामावर हजर व्हायचं, म्हणून पाचला उठून सगळ्यांचं दिवसभराचं करून ठेवायची. कामावरून चारला यायची, पाचला जे असेल ते खायची. सासऱ्यांना साडेसातला ताट. त्याला यायला, हातपाय धुवायला, पेपर वाचायला आठ व्हायचे. तिघांची तोंडं तीन वेळी चालायची.

"आज डब्यात काय होतं?" त्याने विचारलं.

तिचा हात घडीवरच थांबला. "का? खारट झालं होतं?"

"नाही, नाही."

"मग आंबलं होतं? उकाडा होता खरा."

"अगं नाही. चांगलं होतं."

"चांगलं काय होतं?"

आता आली का पंचाईत! तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. सत्तावीस वर्षांत या प्रश्नाची वेळ आली नव्हती. तिला कळायला फार वेळ लागला नाही. तिने चादरीचं टोक टोकाला जुळवलं, हाताने सपाट केलं. "घेवडा होता," ती म्हणाली. "काल पालक, परवा वाटाणे. लिहून देत जाऊ का डब्यावर?" विनोद म्हणून म्हणाली, पण हसली नाही. मग आवाज उतरवून म्हणाली, "तुमचं काय घेऊन बसलात, बाबांचंही ताट अर्धं परत येतंय. तीन महिने झाले येऊन. गालफडं बसलीत त्यांची. मला वाटतं कवळी टोचत असेल. तुम्ही केलेली म्हणून बोलत नसतील."

हे मात्र त्याला लागलं. गुडघ्यामुळे वडिलांना एकटं राहणं जमेना, म्हणून ते इथे आले, आणि आल्या आल्या त्याने त्यांची जुनी कवळी काढून नवी करून दिली होती. इतकं मन लावून त्याने कुणाचंच काम केलं नसेल. दातांची छटा जुळवायला आईवडिलांच्या लग्नातला फोटो घेऊन बसला होता. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. फोटोत वडील हसत होते, आणि आयुष्यात त्यांना असं हसताना त्याने पाहिलं नव्हतं. तो निळा कागद घेऊन वडिलांच्या खोलीत गेला. वडील खिडकीशी बसले होते. ताट बाजूच्या स्टुलावर, वर दुसरं ताट झाकलेलं. "बाबा, आ करा. आता चावा. परत. इकडून तिकडे घासा." कागद दातांत धरला की जिथे जास्त दाब पडतो तिथे निळा ठिपका उमटतो. त्याने कवळी काढून दिव्याखाली धरली. ठिपके सगळीकडे सारखे. हिरडीवर लाली नाही, फोड नाही. चोख काम.

"टोचते का कुठे?"

वडिलांनी कवळी परत बसवली, जिभेने चाचपली. "नाही. काम चांगलं आहे तुझं. तुझ्या हातात आहे ते."

"मग जेवत का नाही? हिच्या हातचं आवडत नाही का?"

"सूनबाईच्या हाताला चव आहे. तिला काही बोलू नकोस." ते खिडकीबाहेर बघायला लागले. खाली एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. "मला ताट आणून देतात. मी भिंतीकडे तोंड करून जेवतो. माझं असं आहे की मी आधी कधी जेवलोच नाही रे. चारशे माणसं जेवायची, मी बघायचो. कुणी घास घेऊन डोळे मिटायचा, कुणी शेजाऱ्याच्या ताटात बघायचा, कुणी बोटं चाटायचा. ते बघून बघून मला भूक लागायची. मग मी शेवटी बसायचो, आणि काय जेवायचो म्हणतोस! आता ते नाही. म्हटलं तुझ्याबरोबर बसावं. आल्यावर पहिल्या आठवड्यात बसलो होतो, आठवतं? तू जेवायला लागलास. रागावू नकोस. पण तू जेवताना बघितलं की होती ती भूकही मरते. कागद खावा तसा खातोस. गाई कडबा तरी मन लावून खातात."

त्याला राग आला नाही. यावा असं वाटत होतं, म्हणजे सोपं झालं असतं. पुढचे तीन-चार दिवस तो कामावर जात होता, मेण तापवत होता, दात मांडत होता, आणि आतून एक बारीक भीती त्याच्याबरोबर हिंडत होती. आपण आणखी काय काय न बघता गिळलं असेल? मुलीचं लहानपण? बायकोच्या बोलण्यातली किती वर्षं? एका म्हाताऱ्याला कवळी बसवताना त्याने विचारलं, "आजोबा, आता पहिल्यांदा काय खाणार?" असं तो कधीच कुणाला विचारत नसे. म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. "पेरू," तो म्हणाला. "अर्धवट पिकलेला. सालासकट. कचाकचा." आणि म्हणता म्हणता त्याच्या नव्या हिरड्यांवरून खरंच लाळ ओघळली, ती त्याने लाजून रुमालाने टिपली. ती लाळ बघून दातवाल्याला आपल्या जिभेखाली काहीतरी पाझरल्यासारखं वाटलं. इतकं थोडं, की वाटलं म्हणायचं एवढंच. पण दुपारचा डबा त्याने त्या दिवशी खिडकीकडे तोंड करून, हळूहळू खाल्ला. गाजर होतं. गाजराचं मधलं पिवळं आणि बाहेरचं लाल यांची चव एक नाही, हे त्याला बावन्नाव्या वर्षी कळलं.

शनिवारी त्याने बायकोला सांगितलं, "उद्या मी करतो जेवण."

"काय?"

"स्वयंपाक. तू आराम कर. बाबांना बसवतो समोर आणि करतो."

त्याला वाटलं होतं ती हसेल, किंवा अंडं उकडायला पाणी किती लागतं ते तरी माहीत आहे का म्हणून टोमणा मारेल. ती ओटा पुसत होती. पुसून झालेला कोपरा तिने पुन्हा पुसला. "म्हणजे माझ्या हातचं उतरेनासं झालं दोघांच्याही घशाखाली," ती म्हणाली. "सरळ सांगायचं ना." त्याने घाईघाईने नाही नाही म्हटलं, पण का नाही ते त्याला सांगता येईना. तुझ्या हातचं मी सत्तावीस वर्षं खाल्लं आणि मला आठवत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? रविवारी सकाळी ती चप्पल घालून निघाली. धुलाईघरातल्या मैत्रिणीकडे जाते म्हणाली. दाराशी वळून म्हणाली, "माझ्यासाठी ठेवू नका."

दार लागलं. स्वयंपाकघरात तो आणि वडील. वडील खुर्चीवर, काठी गुडघ्यांमधे. ओट्यावर बटाटे, कांदे, टोमॅटो. कुठला डबा कुठे आहे हे शोधण्यात पंधरा मिनिटं गेली. घर आपलं, पण या खोलीत तो पाहुण्यासारखा होता. त्याने कांदा घेतला. सोलताना वास आला आणि श्वास आपोआप धरला गेला. वर्गातल्या पोरांचा आवाज कानात घुमला. मग त्याने मुद्दाम श्वास सोडला, आणि आत घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. वास तिखट होता, ओला होता, आणि वाईट नव्हता. सुरी हातात आली तसे हात आपले आपण चालू लागले. तीस वर्षं मेण कोरणारे हात. कांद्याच्या चकत्या पडत होत्या त्या सगळ्या एका जाडीच्या, पारदर्शक. वडिलांनी पुढे वाकून एक चकती उचलली, उजेडात धरली. तिच्यातून खिडकी दिसत होती.

"हे कुणी शिकवलं?"

"दातांनी."

वडील हं म्हणाले. चकती जपून ठेवल्यासारखी त्यांनी परत ओट्यावर ठेवली. मग सूचना सुरू झाल्या, आणि घोटाळाही. कारण वडिलांना जे येत होतं ते चारशे माणसांचं. बटाटे किती म्हटलं की दोन पोती. तेल किती म्हटलं की अर्धा डबा. तो कागदावर भागाकार करायला लागला, तेव्हा वडिलांच्या खांद्यांना हसू फुटलं. "मीठ?" त्याने विचारलं.

"चार ओंजळी. माझ्या. तुझ्या पाच लागतील."

"म्हणजे दोघांना..."

"ठेव ती पेन्सिल. बटाट्याचा भागाकार होतो, मिठाचा होत नाही. मीठ चाखूनच."

"तुम्ही चाखा."

"मी कशाला? जेवण तू करतोयस. चाख."

त्याने चमचा तोंडात घातला आणि जीभ पोळून घेतली. "काय लागतं?" वडिलांनी विचारलं. "गरम," तो म्हणाला. "गरम ही काय चव झाली? फुंकर मार. पुन्हा घे." पुन्हा घेतला. "आता?" तो डोळे मिटून उभा राहिला. आत काळोख. त्या काळोखात जीभ एकटी चाचपडत होती. मग एका बाजूला काहीतरी उजळलं. "आंबट," तो म्हणाला. "टोमॅटो. आणि... कांदा. गोड. पण मधे काहीच नाही. पोकळ आहे." वडिलांनी काठी जमिनीवर आपटली. "हां! ती पोकळी म्हणजे मीठ. घाल थोडं." घातलं. चाखलं. आणखी थोडं. चौथ्या वेळी ती पोकळी भरली. वेगळ्या झालेल्या सगळ्या गोष्टी एकदम एकमेकींच्या जवळ आल्या. खोलीत कुणी दिवा लावला की लांब लांब बसलेली माणसं एका घरातली वाटायला लागतात तसं. त्याच्या तोंडून "अरे!" निघालं. एवढ्यात तळ लागला, बटाटे एका बाजूने काळे झाले, अर्धे कच्चे राहिले. दोघांनी टेबलाशी बसून पावाबरोबर ते खाल्ले. वडिलांनी त्याच्याकडे बघत एक घास घेतला, दुसरा घेतला. "वाईट आहे," ते म्हणाले, आणि पावाने पुसून ताट रिकामं केलं.

बायको संध्याकाळी आली. जळक्या पातेल्यात पाणी घातलेलं तिने बघितलं, नाक उडवलं, आणि काही बोलली नाही. तिचा अबोला म्हणजे भांडण नसे. रोजच्या कामाचं सगळं बोलणं चालू राही, फक्त त्यातली ऊब काढून घेतलेली असे. पुढच्या रविवारीही ती गेली. त्या रविवारी त्याने मसूर शिजवले, गाजर घालून, आणि ते जमले. तिसऱ्या रविवारी अंडी, पालक. वडिलांचे गाल भरायला लागले होते. आठवड्यातही आता संध्याकाळी तो सातलाच घरी यायचा आणि वडिलांसमोर बसून जेवायचा. दोघं जेवताना बोलत नसत. वडील त्याच्या तोंडाकडे बघत, आणि पूर्वी जे त्याला लाजिरवाणं वाटलं असतं ते आता तसं वाटत नव्हतं. बघू देत. घास चावताना तो आता काय काय ऐकत होता! काकडी दाढेखाली फुटते तो आवाज कानात आतून येतो. भाताचं शीत पुढच्या दातांनी सुटं चावलं तर त्याला दुधासारखी चव असते. पावाची कड आणि पावाचा गाभा, एकच पीठ आणि दोन स्वभाव. बाजारातून येताना तो टोमॅटो हुंगून घेई आणि भाजीवाली म्हणे, "साहेब, फुलं घेताय का?" डॉक्टरीणबाई पडद्यातून डोकावल्या की विचारायच्या आधीच तो सांगे, आणि बाई हसत, "दातवाल्यांना दात फुटले!" तो खुश होता. तिशीत मुलगी झाली तेव्हा झाला होता तसा, कारण नसताना मधेच. आणि तरी रोज पाचला उठून कुणीतरी तो डबा भरत होतं, आणि तिच्याशी यातलं अवाक्षर बोलता येत नव्हतं. एकदा धीर करून म्हणाला, "आज दुधी छान होता." ती म्हणाली, "पास झालात," आणि दिवा मालवून निजायला गेली.

मग एका गुरुवारी, दुपारी, त्याने डब्याचं वरचं छोटं झाकण उघडलं. त्यात लिंबाची फोड असे. रोज असे, तो पिळी, साल फेकी. त्या दिवशी पिळायच्या आधी त्याने ती नुसती बघितली. पाकळ्या, पाकळ्यांमधे पाणी, आणि मधे, जिथे बिया असायला हव्यात तिथे, बारीक बारीक मोकळी घरं. एकही बी नव्हती. सुरीच्या टोकाने एकेक काढलेली होती, कुठेही पाकळी न फाटता. असं काम तो ओळखत होता. असं काम करायला किती वेळ लागतो, मान कशी वाकवावी लागते, दिवा कुठे लागतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आठवड्याला सहा फोडी, सत्तावीस वर्षं. त्याने हिशेब सुरू केला आणि सोडून दिला. पडद्यापलीकडे यंत्र गुणगुणत होतं, कुणीतरी कण्हत होतं. तो ती फोड तळहातावर घेऊन बसून राहिला. न पिळताच त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

त्या दिवशी तो लवकर, पाचलाच घरी गेला, तेव्हा ती दोरीवरचे कपडे काढत होती. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. "लिंबात बी नसते," तो म्हणाला.

तिने चिमटे हातात धरले होते. "कुठल्या?"

"डब्यातल्या."

ती वळली नाही. एक चिमटा काढला, दुसरा काढला. "आज कळलं?"

"आज."

"पहिल्या वर्षी एकदा दाताखाली आली होती तुमच्या. केवढी कुरकुर केलीत. दातांचं काम करणारा माणूस, म्हणालात, आणि माझ्याच दाढेचा तुकडा उडायचा." तिने शर्ट खांद्यावर टाकला. "मग मी काढायला लागले. पुढे तुम्ही विसरलात. मी कशी विसरणार, हातात सुरी असते."

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तीन आठवडे जुळवलेली वाक्यं होती. "मी कधी काही चाखलंच नाही," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. "तुझंच असं नाही. कुणाचंच नाही. तुझं वाईट होतं म्हणून नव्हे गं, मीच तिथे नव्हतो."

तिने उरलेले चिमटे काढले. मग आतून वडिलांची काठी वाजली, ती म्हणाली, "बाबांना चहा हवा असेल," आणि कपडे त्याच्या हातात देऊन आत गेली. कपडे उन्हाने गरम होते. तिने रागाने दिले की कसे, ते त्याला ठरवता येईना.

शनिवारी रात्री त्याने घेवड्याच्या बिया भिजत घातल्या. रविवारी सकाळपासून मंद आचेवर त्या शिजत होत्या, बरोबर कांदा, गाजर, लसणाच्या अख्ख्या पाकळ्या. घरभर जाड, मातकट, उबदार वास भरला होता. वडील आपल्या खुर्चीत. अकरा वाजले, साडेअकरा. ती चप्पल घालताना दिसली नाही. वाण्याकडे गेली असेल, उगाच आशा नको, म्हणून त्याने वळून बघायचं टाळलं, चाखत राहिला, चिमूट चिमूट मीठ घालत राहिला. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती टेबलाशी बसली होती. केस धुतलेले, ओले, पाठीवर सोडलेले. हात टेबलावर, रिकामे. या घरात तिला असं काही न करता बसलेलं त्याने पाहिलंच नव्हतं, आणि तिलाही हात कुठे ठेवावेत ते कळत नसावं. एकदा तिने टेबलावरचा न दिसणारा कण टिपला. वडिलांनी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली. "आधी तिला वाढ," ते म्हणाले.

त्याने वाढलं. मग वडिलांना, मग स्वतःला. पाव मोडला. तिने चमचा उचलला, फुंकर मारली, तोंडात घेतला. तो आपलं ताट विसरून तिच्या जबड्याकडे बघत राहिला. इतक्या तोंडांचे साचे त्याने काढले होते, पण ही कोणत्या बाजूने चावते हे त्याला माहीत नव्हतं. ती दोन्ही बाजूंनी चावत होती, सावकाश, एकदा इकडे एकदा तिकडे. एक बी तिने पुढच्या दातांत धरून फोडली. मग दुसरा चमचा, तिसरा. मान खाली. वडीलही तिच्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचा हात पावाकडे गेला, मोठा तुकडा त्यांनी बुडवला आणि तोंड भरून घेतला. पलीकडच्या घरात नळ चालू होता. तिने शेवटचा चमचा घेतला, कडेचा रस्सा पावाने पुसला, तो पाव खाल्ला, बोट चाटलं. मग वाडगा दोन्ही हातांनी उचलून तिने त्याच्यापुढे धरला.

"अजून वाढा," ती म्हणाली.

सत्तावीस वर्षांत हे दोन शब्द त्याने तिच्या तोंडून ऐकले नव्हते. ती एकटीच, असेल ते, उभ्याउभ्या खायची, कुणाकडे मागणार? तो घाईने उठला, डाव हातात घेतला, आणि त्याच्या लक्षात आलं की हिला किती लागतं याची आपल्याला काहीच कल्पना नाही.

"किती?"

"घाला तर. मी सांगेन पुरे म्हणून."

त्याने एक डाव घातला आणि थांबला. ती वाडग्याकडे बघत होती. त्याने दुसरा घातला. वाफ तिच्या चेहऱ्यावर गेली, तिने डोळे मिटले, वाडगा जरा पुढे केला. पातेल्याचा तळ दिसायला लागला होता. तो तिसरा डाव भरत होता, आणि ती अजून पुरे म्हणत नव्हती.